मेरेवरची पिवळी फुले: रानमोहरी ओळखताना वारंवार होणारी चूक आणि तिचे निवारण

सरद, म्हणजे पावसाळी भाताची कापणी आटोपून वायंगणासाठी, म्हणजे त्यानंतरच्या भातपिकासाठी, पाणी धरायला सुरुवात झाली की माझ्या दारात एकच प्रश्न वेगवेगळ्या हातांनी येतो. कुणी मुळासकट उपटलेले झाड आणते, कुणी फोटो पाठवते. “मास्तर, ही सासवाचीच (मोहरीचीच) जात ना? भाजी करू का?” गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या माझ्या गावात हे गेली बरीच वर्षे चालले आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी भाजीचा मळा करू लागलो तेव्हापासून तर जास्तच. दहातली सात-आठ झाडे मोहरीच्या कुळातली नसतात, हा माझा अनुभव. चूक मात्र नेहमी त्याच चार-पाच ठिकाणी होते. म्हणून ती कुठे होते आणि कशी टाळायची, ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

ओळख चुकली तर बिघडते काय, असे कुणी विचारेल. दोन गोष्टी बिघडतात. एक, खाण्याची. पिवळ्या फुलांच्या या गर्दीत एक झाड खरोखर विषारी आहे. दुसरी, मळ्याची. मोहरीच्या कुळातले तण हे कोबी, नवलकोल आणि मुळ्याचे सख्खे नातलग. मावा, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि काळी कूज हा जिवाणूंचा रोग यांना अशा तणावर आसरा मिळतो, आणि तिथून ते पिकावर येतात. मळा सुरू केला त्या वर्षी मी मेरेवरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, अशी झाडे “राहू दे, मधमाश्या येतात” म्हणून ठेवली होती. पुढे नवलकोलाच्या कोवळ्या पानांवर मावा दाटला, तेव्हा मेरेवरची झाडे आधीच माव्याने चिकट झालेली दिसली. तेव्हापासून झाड आधी ओळखायचे आणि मगच ठेवायचे की काढायचे ते ठरवायचे, असा नेम धरला आहे.

आधी लक्षणे पाहा

तुमचा घोटाळा कुठल्या प्रकारचा आहे ते आधी ठरवा.

फोनमधले ॲप एकाच झाडाला दर वेळी वेगळे नाव देत असेल, तर बहुतेक वेळा फोटो फक्त फुलाचा काढलेला असतो. पण कधी कधी दोन्ही नावे बरोबर असतात. पिवळ्या तिळवणीला जुनी पुस्तके क्लिओम व्हिस्कोसा म्हणतात आणि नवी अरिवेला व्हिस्कोसा. झाड एकच. रोरिप्पा इंडिका या खऱ्या मोहरीकुळातल्या तणाला जुन्या याद्यांत नॅस्टर्शियम इंडिकम म्हटलेले आढळेल, आणि बागेतल्या केशरी फुलांच्या नॅस्टर्शियम वेलीशी त्याचा गोंधळ होतो. ती वेल वेगळ्याच कुळातली.

पाने मोहरीसारखी वाटतात पण फूल जुळत नाही, किंवा फूल जुळते पण पाने तळहातासारखी फाकलेली आहेत, हे दुसरे लक्षण. फूल चार पाकळ्यांचे, शेंगही लांब, सगळे जुळते, तरी मनात शंका राहते, हे तिसरे. गोव्यात सर्वांत जास्त फसगत या तिसऱ्या प्रकारात होते. चौथे म्हणजे झाडाला फुलेच नाहीत, नुसती रोपे उगवली आहेत. त्याचा उपाय शेवटी आहे, कारण त्याला वेळ लागतो.

पाकळ्या मोजा, आणि सकाळी मोजा

याला पैसा लागत नाही आणि निम्मी झाडे इथेच बाद होतात. मोहरीकुळातल्या फुलाला चार पाकळ्या असतात आणि त्या समोरासमोर, फुलीसारख्या. या कुळाचे जुने लॅटिन नाव क्रुसिफेरी, म्हणजे क्रूस धारण करणारे. गावागावांत, वाटांच्या तिठ्यांवर आपण पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, पाहत आलो आहोत, त्यामुळे गोवेकराला हे नाव विसरणे कठीण आहे.

पाच पाकळ्या दिसल्या तर थांबा, ते झाड मोहरीकुळातले नाही. आंबुशी हे त्यातले नेहमीचे. तीन पानांची, चवीला आंबट, शेंग उभी आणि हात लावताच बिया उडवणारी. लोक तिची शेंग पाहून फसतात. आंबुशीची फुले उन्हात उघडतात आणि संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत मिटतात, म्हणून संध्याकाळी मोजणी करू नका. पाकळ्या गळूनही जातात. एका फुलावर भरवसा न ठेवता निदान पाच-सहा ताजी फुले पाहा.

फूल उलटे करा

माझ्या अनुभवात ही सर्वांत कमी लोक करणारी आणि सर्वांत उपयोगी तपासणी. भातशेतीत, पाणी साचलेल्या चरांच्या कडेला एक उभे झाड येते, चार पिवळ्या पाकळ्यांचे, लांबट शेंगेचे. ॲपही कधी कधी त्याला मोहरी म्हणून मोकळे होते. ती पाणलवंग.

फूल देठासकट तोडून त्याची मागची बाजू पाहा. पाणलवंगेत पाकळ्यांच्या खाली, देठासारखा वाटणारा जो भाग आहे तीच पुढे शेंग होते. पाकळ्या तिच्या डोक्यावर बसलेल्या असतात, आणि पाकळ्या गळल्यावरही चार हिरवी निदले (कळीला झाकणारी पाने) त्या शेंगेच्या टोकावर मुकुटासारखी राहतात. फोडणीच्या डब्यातली लवंग काढून शेजारी ठेवा. खाली दांडा, वर चार टोके, अगदी तीच रचना. नाव उगाच पडलेले नाही.

मोहरीत याच्या उलट असते. निदले आणि पाकळ्या खाली, आणि बीजकोश त्यांच्या वर, फुलाच्या मधोमध उभा. पाकळ्या गळल्या की निदलेही गळतात आणि शेंगेच्या टोकावर उरते ती फक्त एक बारीक चोच. शेंगेच्या टोकावर चार हिरवी टोके असतील तर पुढे जाऊ नका, ती मोहरी नाही.

हात लावा, देठ मोडा

दोन गोष्टी पाहायच्या. खोड चिकट आहे का, आणि मोडल्यावर चीक येतो का.

चिकट असेल, बोटांना उग्र वास राहत असेल, तर बहुधा पिवळी तिळवण. पावसाळ्यात ती पडीक जागी, रस्त्याकडेला, कुंपणाशी दाट उगवते आणि नंतर वाळलेल्या शेंगांनिशी उभी राहते. तिचे पान तीन किंवा पाच पर्णिकांचे असते, सगळ्या पर्णिका एका बिंदूतून निघालेल्या. मोहरीच्या तणाचे पान एकच असते. ते कितीही खोल कापलेले असले, अगदी मुळ्याच्या पानासारखे असले, तरी मधली शीर सरळ धावते आणि खालचे तुकडे त्या शिरेच्या दोन्ही बाजूंना असतात. तळहातासारखे पान दिसले की शंका घ्या.

मोडल्यावर पिवळा चीक आला तर झाड लगेच खाली ठेवा आणि हात साबणाने धुवा. तो पिवळा धोत्रा. काटेरी, निळसर हिरवी, पांढऱ्या शिरांची पाने आणि कागदासारख्या पातळ पाकळ्यांचे मोठे फूल, त्यात पुंकेसरांचा झुबका. मोठे झाड ओळखायला सोपे आहे, चूक त्याच्या बियांत होते. त्या मोहरीच्याच रंगाच्या आणि मापाच्या असतात. त्यांच्या तेलात सँग्विनरिन नावाचे विष असते. मोहरीच्या तेलात ते मिसळले गेले तर पायांना सूज येते, धाप लागते, डोळ्यांतला दाब वाढतो आणि हृदय निकामी होऊ शकते. डॉक्टर याला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने ६० हून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे स्वयंपाक बहुतेक खोबरेल तेलात होतो, म्हणून हा धोका लांबचा वाटतो. पण सुटी मोहरी सगळ्यांच्याच घरात असते. बशीत पसरून भिंगातून पाहा: मोहरीचा दाणा गोल आणि त्यामानाने गुळगुळीत, धोत्र्याचे बी खरबरीत, ठळक जाळीदार खळग्यांचे आणि एका बाजूला टोकदार. असे दाणे दिसले तर ती मोहरी वापरू नका.

वासावर निकाल देऊ नका

इथे थोडे थांबून बोलतो, कारण जुनी जाणती माणसेही इथे चुकतात. आमच्या शेजारच्या काकी सासव वाटण्यात तरबेज. आंब्याचे सासव त्यांच्या हातचे खावे. एकदा त्या पिवळ्या तिळवणीच्या कोवळ्या शेंगा घेऊन आल्या. “चुरडून बघ रे, सासवाचाच वास येतो.” आणि त्यांचे नाक चुकत नव्हते.

मोहरीचा अख्खा दाणा तोंडात धरला तर झणका नसतो. पाट्यावर पाणी घालून वाटला की नाकात जातो. याचे कारण असे की झणक्याचा कच्चा माल एका पेशीत असतो आणि त्याला मोकळे करणारे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या. वाटताना दोन्ही एकत्र येतात, पाण्यात क्रिया घडते आणि तिखट वायू सुटतो. उकळते पाणी घातले तर विकर मरते आणि सासव फिके पडते, हे कुठल्याही गोंयकार गृहिणीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक असते.

पण ही यंत्रणा एकट्या मोहरीकुळाची नाही. तिळवण, शेवगा, पपई ही सगळी याच मोठ्या गणातली लांबची भावंडे आहेत. पपईची ताजी बी दाताखाली फोडून पाहा, मोहरीचाच झणका येईल. शेवग्याच्या मुळाचा वासही तसाच. म्हणून वास आला तर झाड फार तर “या मोठ्या घरातले” ठरते, मोहरीचे ठरत नाही. आणि वास न आल्यानेही काही सिद्ध होत नाही, जून पानात तो मंद होतो. चाखून पाहणे तर या टप्प्यावर करूच नका.

भिंग आणि पुंकेसर

आता थोडा खर्च. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्या. नसेल तर फोनने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहा. फूल टाचणीने हलकेच उघडा आणि पुंकेसर मोजा.

मोहरीकुळात सहा पुंकेसर असतात, चार उंच आणि दोन आखूड. आखूड दोन समोरासमोर. लिनियसने १७३५ साली झाडांचे जे वर्ग मांडले, त्यात या एकाच खुणेवर एक वर्ग उभा केला होता, इतकी ती पक्की. पिवळ्या तिळवणीत पुंकेसर दहाहून जास्त, वीसपर्यंत असतात, आणि तिच्या चारही पाकळ्या एका बाजूला पंख्यासारख्या वर वळलेल्या असतात, फुलीसारख्या नाहीत. पाणलवंगेत चार किंवा आठ.

दोन अपवाद ठाऊक असू द्या. पांढऱ्या तिळवणीला पुंकेसर सहाच असतात, त्यामुळे मोजणारा फसतो. पण ते पाकळ्यांपासून निघत नाहीत. फुलातून वर आलेल्या एका लांब दांडीच्या मध्यावर ते बसलेले असतात. दांडी दिसली की मोहरी नाही. दुसरा अपवाद उलटा आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या नर्सरीतून आणलेल्या कुंडीत कधी कधी बोटभर उंचीचे, पांढऱ्या बारीक फुलांचे कार्डमाइन हे तण येते. त्यातल्या कार्डमाइन हिर्सुटा या जातीत बहुधा चारच पुंकेसर असतात, दोन आखूड नसतातच, तरी ते अस्सल मोहरीकुळातले आहे. पिकलेल्या शेंगेला हात लावला की तिच्या दोन्ही बाजू गुंडाळल्या जाऊन बिया फटकन उडतात. फुलोरा येण्याआधीच ते उपटा, नाहीतर शेजारच्या सगळ्या कुंड्यांत पसरेल.

शेंग कापा, इथे निकाल लागतो

वेळ असेल तर बाकी सगळे सोडून शेंगेची वाट पाहा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. पान जमिनीप्रमाणे बदलते, फूल गळते, शेंग खोटे बोलत नाही.

भरलेली पण अजून हिरवी शेंग घ्या आणि ब्लेडने आडवी कापा. मोहरीकुळात आत दोन कप्पे दिसतात आणि त्यांच्या मधोमध पातळ पडदा. मग वाळलेली शेंग घ्या. तिच्या दोन्ही बाजू खालून, देठाच्या बाजूने सुटत वर जातात आणि गळून पडतात. मागे उरते ती एक चौकट आणि तिच्यात ताणलेला पारदर्शक पडदा. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत लाकडी चौकटीत शिंपले बसवलेले असतात, उन्हात धरल्यावर उजेड गाळून देणारे, हुबेहूब तसे. एकदा पाहिले की पुन्हा शिकवावे लागत नाही. पिवळ्या तिळवणीच्या शेंगेत हा पडदा नसतो, आतून ती एकच पोकळी असते, आणि ती टोकाकडून उकलायला लागते.

पडदा दिसला, फूल पिवळे आणि अगदी बारीक, जागा ओली, शेंग एक-दोन सेंटीमीटरची आणि किंचित वर वळलेली, तर रोरिप्पा धरून चाला. पाणथळ वाफ्याच्या कडेला, नळाखाली, मोरीच्या पाण्यावर ती येते. शेंगेतल्या बिया प्रत्येक कप्प्यात दोन ओळींत असतील तर रोरिप्पा इंडिका. एकाच ओळीत असतील आणि फुलाला पाकळ्या जवळजवळ नसतीलच, तर तिची बहीण रोरिप्पा डुबिया. हो, मोहरीकुळातही पाकळ्या नसलेले फूल असते. म्हणून पाकळ्यांवरून झाड बाद करताना “पाच आहेत” आणि “एकही नाही” यांत फरक करा.

तुलनेसाठी मळ्यातला मुळा फुलावर सोडा, फूल शिकायला उत्तम. शेंगेसाठी मात्र तो चालणार नाही. मुळ्याची डिंगरी जाड, बियांच्या मध्ये आवळलेली असते आणि दोन बाजूंनी उकलत नाही. कुळ तेच, शेंगेची तऱ्हा वेगळी.

फुले नसतील तर: कुंडीतली मोहरी

हा सर्वांत लांबचा मार्ग, खर्च चिमूटभर दाण्यांचा. डब्यातली मोहरी एका कुंडीत पेरा. तीन-चार दिवसांत उगवते. पहिली दोन पाने पाहा: रुंद, आणि टोकाला मधोमध खाच, बदामाच्या आकृतीसारखी. अनोळखी रोपांची पहिली पाने अशी असतील तर संशयाला जागा आहे. पण सगळ्या कुळाची तशी नसतात. शेजारी आळीव पेरून पाहा, त्याची पहिली पाने तीन फाकांची निघतात. म्हणून रोपावरून नक्की काही ठरवू नका, दीड-दोन महिने कुंडी सांभाळा आणि फूल-शेंग समोर ठेवूनच मेरेवरच्या झाडाशी ताडून पाहा. शंकेचे एक रोप उपटून तेही कुंडीत लावा, म्हणजे बाकीचे तण काढले तरी पुरावा हाताशी राहतो.

मोहरीकुळातले ठरले आणि जवळ कोबी, नवलकोल किंवा मुळा असेल, तर शेंगा पिकण्याआधी मुळासकट काढा. मावा किंवा कुजलेल्या शिरा दिसत असतील तर ते खतखड्ड्यात टाकू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कुणी अनोळखी झाड खाल्ले असेल आणि उलट्या, पायांना सूज, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटत असेल, तर ओळखीच्या भानगडीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा, आणि झाडाचा किंवा बियांचा नमुना पिशवीत सोबत न्या. गुरांनी खाल्ले असेल तर पशुवैद्याला बोलवा.

तणनाशक मारायचा विचार असेल तर त्याआधी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात झाड दाखवा. रुंद पानांच्या तणावर चालणारे औषध शेजारच्या भाजीवरही तसेच चालते. पिकावर रोग आला असेल तर जुने गोवे इथे एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ पाने पाहून सांगू शकतात.

आणि शेंग कापूनही दोन नावांत अडकलात, तर पुढचे काम भिंगाने होणारे नाही. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडे नमुना न्यावा. अर्धवट फांदी नेऊ नका. मूळ, बुंध्याजवळची पाने, फूल आणि शेंग, चारही एकाच झाडावर असावीत. वर्तमानपत्रात दाबून वर वजन ठेवा. आपल्या दमट हवेत कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, चीक दिसत नाही, वास जातो. म्हणून झाड ताजे असतानाच एक चिठ्ठी लिहून कागदाला टाचा. माझ्या शेवटच्या नमुन्यावरची अशी होती: “डिचोली तालुका, वायंगणाची मेर, पाणी साचलेली जागा. उंची एक वीत. फूल पिवळे, चार पाकळ्या. चीक नाही, चिकट नाही. शेंगेत पडदा आहे.”